वाऱ्याचे सामान आणि घरची व्हॅन

वर्षभर या सदरातून आपण टायर, बॅटरी, ब्रेक आणि विम्याचा हप्ता असल्या रोजच्या गोष्टींचा विचार करतो. दिवाळी अंकात जरा लांबच्या प्रवासाला निघायला हरकत नसावी. विषय असा : घरातल्या मुलाला किंवा मुलीला विंडसर्फिंगचा नाद लागला आहे आणि घर आहे नागपुरात. तर ते सगळे लांबलचक सामान नेण्यासाठी कोणती व्हॅन घ्यावी, आणि तिच्यात कोणते फेरफार करावेत?

“नागपुरात आणि विंडसर्फिंग?” असे म्हणून कोणी हसेल. मुंबईचा समुद्र येथून आठशे किलोमीटर दूर, हे खरेच आहे. पण शिडाच्या खेळाला समुद्रच लागतो असे नाही. मोकळे पाणी आणि मोकळा वारा लागतो. झिरो माईलच्या खांबापाशी उभे राहून उत्तरेकडे पाहिले, तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर भोपाळचा बडा तालाब आहे. दक्षिणेकडे सुमारे पाचशे किलोमीटरवर हैदराबादचा हुसेनसागर आहे. दोन्ही ठिकाणी शिडाच्या बोटी चालतात. भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये तयार झालेली देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर ही एका शेतकऱ्याची मुलगी. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली तिने मुलींच्या शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये ईबाद अलीने भारताला कांस्यपदक आणून दिले. तेव्हा पोराचा नाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

कालिदासाचा मेघ रामगिरीहून, म्हणजे पुष्कळ विद्वानांच्या मते आपल्या रामटेकहून, निघाला आणि नर्मदा ओलांडून विदिशेकडे गेला. भोपाळ त्या विदिशेच्या अलीकडेच. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल या रस्त्याने निघालेल्या व्हॅनलाही नर्मदा ओलांडावीच लागते. फरक एवढाच, की मेघाला सामान बांधावे लागले नव्हते!

सामान म्हणजे काय काय?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पाण्यावर तरंगणारी एक लांब फळी, तिच्यावर चारी बाजूंना कलणाऱ्या सांध्यात बसवलेली डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि हाताने धरायला शिडाच्या दोन्ही अंगांनी गेलेली वाकडी दांडी, तिला बूम म्हणतात. कलणारा सांधा हीच यातली मख्खी. सुकाणू नाही, खेळाडू शीड पुढेमागे कलवतो आणि फळी वळते. कॅलिफोर्नियातल्या हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी १९६८ साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी हा खेळ आला.

आता मापे पाहा. जुन्या घडणीची शिकाऊ फळी सुमारे ३.६५ मीटर, म्हणजे चांगली बारा फूट लांब. ईबाद अलीच्या प्रकारातली आर.एस.एक्स. फळी २.८६ मीटर लांब आणि ९३ सेंटिमीटर रुंद. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये आलेली, पाण्याच्या वर उचलली जाणारी नवी फळी २.२० मीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद. डोलकाठी दोन तुकड्यांची असते, ४.६० मीटरच्या काठीचा प्रत्येक तुकडा २.३० मीटर भरतो, ४.९० च्या काठीचा २.४५ मीटर. गुंडाळलेले मोठे शीडही दोन मीटरच्या आसपास जाते.

म्हणजे वजन फारसे नाही. फळी पंधरा किलोंच्या घरातली. प्रश्न आहे तो लांबीचा. आणि बहुतेक माणसे व्हॅन घेताना इंजिन, रंग आणि हप्ता पाहतात. लांबी पाहत नाहीत.

बांबू घेऊन दुकानात

म्हणून पहिला सल्ला : आधी व्हॅन घेऊ नका, आधी बांबू घ्या. डोलकाठीच्या तुकड्याएवढा, अडीच मीटरचा सरळ बांबू कापून घ्या. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवून फळीच्या रुंदीचा एक साचा करा. हे दोन्ही घेऊन गाडीच्या दुकानात जा. विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्या. मागचे दार उघडून बांबू आत घाला, दार लावा आणि पाहा. बांबू पुढच्या दोन आसनांमधून डॅशबोर्डापर्यंत गेला आणि दार लागले, तर निम्मे काम झाले. मात्र गिअरचा दांडा पूर्ण फिरतो ना, हातब्रेक मोकळा राहतो ना, डावीकडचा आरसा दिसतो ना, हे चालकाच्या जागेवर बसून तपासा.

आपल्याकडे व्हॅन म्हटले की तीन पिढ्या डोळ्यांपुढे येतात. पहिली मॅटॅडोर, तिच्यात अख्खे वऱ्हाड बसे. दुसरी १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, पुढे ओम्नी म्हणून घरोघरी गेलेली. तिचे उत्पादन २०१९ साली थांबले, तेव्हा आता मिळेल ती जुनीच. जुन्या गाडीची पंधरा वर्षे भरत आली असतील, तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च आधीच हिशेबात धरा. तिसरी ईको. ती ३.६७५ मीटर लांब. वर दिलेले माप आठवा : बारा फुटी फळी जवळजवळ अख्ख्या ईकोएवढी आहे! ती आत जाणे नाही. तिची जागा छपरावर. मात्र सव्वादोन मीटरची नवी फळी कडेवर उभी करून आत बसते का, हे पुठ्ठ्याचा साचा सांगेल.

विंगर किंवा ट्रॅव्हलर घेतली तर सगळेच आत जाईल. पण ती गाडी रोज धरमपेठेच्या गल्लीत वळवायची आहे, इतवारीत किराणा आणायला न्यायची आहे आणि अपार्टमेंटच्या आखलेल्या चौकटीत उभी करायची आहे. वर्षातले दहा दिवस फळीचे आणि बाकीचे कुटुंबाचे. हे प्रमाण विसरून घेतलेली गाडी घरात कलहाला कारण होते. एकच शिकाऊ मुलगा आणि चौघांचे कुटुंब असेल, तर लहान व्हॅन आणि छपरावर कॅरियर हा मेळ बरा. दोन मुले स्पर्धेला जाऊ लागली, की मोठ्या गाडीचा विचार करावा.

पाटी पांढरी की पिवळी?

येथे एक फसवा मोह आहे. मालवाहू व्हॅन आतून मोकळी असते, आसने काढण्याचा त्रास नाही; मग तीच का घेऊ नये? कारण तिची नोंदणी मालवाहू म्हणून होते. पिवळी पाटी आणि ठरल्या मुदतीने फिटनेसची तपासणी पाठीमागे लागते. आणि मुख्य म्हणजे मागच्या मोकळ्या जागेत माणूस बसवता येत नाही. मुलगा, त्याचा मित्र आणि त्याची आई यांना तुम्ही बसवणार कोठे?

प्रवासी व्हॅन घेऊन आसने कायमची उखडून टाकणे हाही मार्ग नव्हे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते, की नोंदणीपुस्तकात दिलेला तपशील कारखान्याच्या मूळ रचनेपासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा कडक अर्थ लावला. अपघात झाला आणि गाडीची रचना नोंदीशी जुळली नाही, तर विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहते. तेव्हा कापाकापी, वेल्डिंग आणि छपराला भोके नकोत. जे बसवाल ते पाना घेऊन अर्ध्या तासात काढता येईल असे बसवा. शंका वाटली, तर आधी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत विचारा. लेखी उत्तर मिळाले तर उत्तम.

आतली व्यवस्था

मागचे आसन दुमडता येत असेल तर त्याच्या मागे, नसेल तर त्याच्या बाजूने, जमिनीवर पाणी सोसणारा प्लायवुडचा फळा अंथरा. आय.एस. ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय महाग पडतो, पण ओल्या शिडाखाली तोच टिकतो. त्याच्यावर रबराची चटई. ओले कपडे आणि दोर यांसाठी झाकणाची प्लॅस्टिकची पेटी.

डोलकाठीसाठी सोपी युक्ती म्हणजे चार इंची पी.व्ही.सी. पाइप. दोन तुकडे दोन पाइपांत सरकवावेत, तोंडाला जुन्या गोधडीचा बोळा घालावा. कार्बनच्या काठीला लोखंडाचा साधा ओरखडाही सोसत नाही. आज चरा पडतो आणि महिन्याने भर वाऱ्यात काठी मोडते.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतली सुटी वस्तू थांबत नाही. ती त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांवरून खाली पडणाऱ्या वस्तूएवढा आहे. आणि डोलकाठीचे तोंड असते पुढे, नेमके आसनावर बसलेल्याच्या मानेच्या रेषेत. ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून ती नुसती सरकवून ठेवणे म्हणजे स्वतःच्या मुलामागे भाला रोखून ठेवणे होय. म्हणून पाइप जमिनीलगत ठेवा आणि पुढून अडसर द्या. आसनांच्या मूळ बोल्टांना पक्क्या कड्या अडकवून दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळा. आसने आणि सामान यांमध्ये जाड जाळी लावा. लवचिक रबरी दोर टोपी बांधायला ठीक. काठी बांधायला नव्हे. स्टेपनी आणि जॅक सामानाखाली गाडू नका.

छपरावर

व्हॅनच्या छपराला कडेची पन्हळ असेल तर चिमट्याचे सुटे कॅरियर बसते. छपराने किती वजन पेलावे हे गाडीच्या पुस्तिकेत असते; ते वाचा. दोन दांड्यांमध्ये जेवढे अंतर ठेवता येईल तेवढे ठेवा आणि दांड्यांना स्पंज गुंडाळा. फळी उपडी, टोक पुढे अशी ठेवावी. तिचे टोक वरच्या अंगाला वळलेले असते. उपडी केल्यावर ते खाली झुकते आणि समोरचा वारा तिला उचलण्याऐवजी दाबून धरतो. दोन रुंद पट्टे आडवे आणि टोकाला व शेपटीला एकेक दोर उभा. पट्ट्याला एक पीळ द्यावा, म्हणजे तो वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणत नाही.

मुंबईकडे निघालात तर नागपूरपासून समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, पण ती तुमच्या छपरावरच्या फळीला नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ऐंशीच्या आत राहा. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे तपासा; नवे पट्टे सैल पडतातच. आणि घरी परतल्यावर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी उंची आठवा. ईको १.८२ मीटर उंच. वर कॅरियर आणि फळी धरून ती दोन मीटरच्या पुढे जाते.

नागपूरचा खरा शत्रू

समुद्रकाठच्या लोकांना मीठ आणि गंज यांची भीती. आपला शत्रू ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. बाहेर इतके असता बंद व्हॅनमध्ये किती होत असेल याची कल्पना करा. फळीच्या पोटात फेस असतो आणि त्यात हवा कोंडलेली असते. ती तापून फुगली, की वरचा थर सुटतो आणि फळीला फोड येतो. असली फळी दुरुस्तीला महाग पडते. म्हणून पुष्कळ फळ्यांना हवा सोडायचा एक लहान स्क्रू असतो. प्रवासात आणि उन्हात तो सैल करायचा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी न विसरता आवळायचा. विसरला तर फळी पाणी पिते. ही आठवण व्हॅनच्या दारावर आतून मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा.

शिडाचा पारदर्शक भाग उन्हाने पापडासारखा कडक होऊन चिरतो. फळीला पांढरी किंवा रुपेरी पिशवी शिवून घ्या, काळी नको. खिडक्यांना सुटे पडदे लावा. पहाटे निघा, दुपारी झाडाची सावली शोधा आणि व्हॅनची दारे थोडी उघडी ठेवा. टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच पाहा. ओले शीड दोन दिवस गुंडाळलेले राहिले तर बुरशी येते; म्हणून घरी आल्यावर आधी शीड सावलीत वाळवा, मग जेवायला बसा.

पाणी आपले, पण परवानगीने

अंबाझरी किंवा फुटाळा घराजवळ आहे म्हणून कोणी फळी घेऊन उतरू नये. तलाव आणि धरणे ज्या खात्याच्या ताब्यात आहेत त्याची परवानगी लागते, आणि ती योग्यच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा शहरात जे झाले ते नागपूरकर विसरलेले नाहीत. रामटेकजवळच्या खिंडसीला नौकाविहाराची सोय आहे. तेथेही आधी विचारावे. शिकणे मात्र प्रशिक्षकापाशीच. तरंगते जाकीट ही व्हॅनमध्ये चढवायची पहिली वस्तू, आणि ती सर्वांत वर.

एवढे सारे केल्यावर व्हॅन काही केवळ फळीची राहत नाही. तोच मरीन प्लाय काटोलहून संत्र्यांच्या पेट्या आणायला उपयोगी पडतो, त्याच पट्ट्यांनी बदलीच्या वेळी कपाट बांधता येते, आणि तीच जाळी आजीला डुलकी लागली असता मागची बॅग तिच्या अंगावर येऊ देत नाही. तेव्हा दिवाळीच्या मुहूर्तावर गाडी घ्यायची असेल तर जरूर घ्या. फक्त हार, नारळ आणि पेढे यांच्याबरोबर आणखी दोन वस्तू न्या : मोजायची टेप आणि अडीच मीटरचा बांबू.