द्राक्षाची असो वा मोहाची, दारू औषध नव्हे

"डॉक्टर, मी दारू नाही घेत, फक्त रेड वाईन घेतो. ती तर हृदयाला चांगली असते ना?" हा प्रश्न आता गोंदियातही विचारला जातो. सालेकसा-देवरीकडचे रुग्ण म्हणतात, "आमची मोहाची तर झाडाची, तिच्यात कुठे केमिकल?" दोघांनाही माझे उत्तर एकच आहे.

आधी वाईनची गोष्ट. 'कार्मेनेर' ही फ्रान्समधील द्राक्षाची जुनी जात. १९व्या शतकात किडीने तिथले मळे उद्ध्वस्त झाले आणि ही जात जवळजवळ नाहीशी झाली. १९९४ मध्ये ती चिलीत सापडली. तिथले शेतकरी तिला 'मर्लो' समजून वाढवत होते. आज तिची लाल वाईन कौतुकाने विकली जाते. शेतीच्या दृष्टीने हा शोध मोठाच. पण हरवलेली जात सापडली म्हणून तिच्या वाईनमधले अल्कोहोल बदलत नाही.

आपल्याकडे तेच मोहाचे होत आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे व वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. याचे मी स्वागतच करतो. पहाटे फुले वेचणाऱ्या बाईला गुन्हेगारासारखे वागवणे अन्यायच होता. पण शेजारच्या मध्य प्रदेशात मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकायला निघाली आहे. वारशाबरोबर 'नैसर्गिक' आणि 'गुणकारी' ही विशेषणेही चिकटू लागतात. माझा विरोध त्याला आहे.

लाल वाईन हृदयाला चांगली, हा समज आला कुठून? १९९१ मध्ये अमेरिकेच्या एका टीव्ही कार्यक्रमात सांगितले गेले की फ्रेंच लोक चरबी खाऊनही हृदयरोगापासून बचावतात, आणि श्रेय वाईनला दिले गेले. पुढे अभ्यासांतल्या चुका कळल्या. आजारपणामुळे दारू सोडलेल्यांनाही अनेक ठिकाणी 'न पिणारे' धरले होते. मग पिणारे निरोगी दिसणारच! वाईनमधल्या रेस्व्हेराट्रॉलचेही तसेच. लिटरभर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलीग्रॅम असते, प्रयोगांत मात्र शेकडो मिलीग्रॅम दिले गेले.

आता पक्के काय ते ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांचा कर्करोग तिच्यामुळे होऊ शकतो. २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. १५० मिलिलिटर वाईनमध्ये साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ते द्राक्षातून आले की मोहातून, हे तुमचे यकृत विचारत नाही. त्यात तंबाखू-खर्र्याची भर पडली, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. दारूने शरीरातले पाणी कमी होते आणि त्यातून वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेल असेल तर "थोडीशी" सुद्धा नको. बीपी, मधुमेह, टीबी किंवा झटक्यांच्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल, तरीही नको.

मग मोहाचे काय करायचे? फूल खा. लाडू करा, भाकरीत घाला. साखर भरपूर असते, म्हणून मधुमेहींनी जपून. द्राक्षेही खा. सण-समारंभात कोण काय पितो, याचा न्यायनिवाडा मी करत नाही. पण पिताना "तब्येतीसाठी घेतो" असे स्वतःला सांगू नका.

एक सूचना महत्त्वाची. रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर ती एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे त्रास होऊ शकतात, क्वचित जीवावरही बेतते. आधी डॉक्टरांना भेटा आणि किती पिता ते खरे सांगा. आम्ही रागावणार नाही.