पारखणारा कोण?

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळ्यात सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे एकाएकी मनावर घेतले आणि निकालांची जी दाणादाण उडाली, ती शहराच्या अजून स्मरणात आहे. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, काही निकालांना सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदच्युत करण्यात आले आणि प्रकरण संपले असे सर्वांनी गृहीत धरले. आम्हांस तसे वाटत नाही.

२०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम निकालासाठी ३० दिवसांची, फार तर ४५ दिवसांची मर्यादा घालतो. तोच अधिनियम परीक्षेच्या कामी साहाय्य करणे हे प्रत्येक अध्यापकाचे व कर्मचाऱ्याचे बंधनकारक कर्तव्य ठरवितो. म्हणजे जबाबदारी वाटून दिलेली आहे. ती अंगाला लावून घेतली जात नाही इतकेच. याचे मूळ थेट १८५७ मध्ये आहे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर हे विद्यापीठ निघाले ते परीक्षा घेण्यासाठी, शिकविणे महाविद्यालयांकडे. शिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा, ही विभागणी तेव्हापासून अंगवळणी पडली. आपल्या विद्यार्थ्याला काय उमगले नाही, हे प्राध्यापकाला गुणपत्रिकेवरून कळत नाही. आणि ज्या परीक्षकाला ते कळते, त्याला त्या विद्यार्थ्याचे नावही ठाऊक नसते. निःपक्षपातासाठी हे ठीकच. परंतु शाळेत वह्या तपासताना आम्हांस चुकीच्या उत्तरामागचा मुलगा दिसत असे, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्याप्रमाणे बदलावा लागे.

अंतर्गत गुणांनी ही दरी बुजावी अशी अपेक्षा होती; अनेक ठिकाणी त्यांची खैरात झाली. स्वायत्त महाविद्यालयांकडे तर प्रश्नपत्रिकेपासून निकालापर्यंत सर्वच सोपविलेले आहे, पदवीवरील शिक्का मात्र विद्यापीठाचा! तेव्हा अभ्यासमंडळांनी दरवर्षी बाहेरच्या जाणत्या परीक्षकांकडून काही उत्तरपत्रिका फिरून तपासून घ्याव्यात आणि तो अहवाल विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

विद्यार्थ्यानेही केवळ निकालाकडे डोळे लावून बसू नये. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराखाली २०११ मध्ये मान्य केला आहे. ती त्याने मागावी, आणि प्राध्यापकाने ती त्याच्यासह बसून वाचावी. यास वेळ कोठून आणावयाचा, असे प्राध्यापक विचारतील, आणि ते रास्त आहे. अध्यापकांच्या रिकाम्या जागा भरणे हे शासनाचे काम आहे. या व्यवहारातला त्याचा वाटा तो.