दूध पुन्हा घ्यावे काय?

अवसरी खुर्दच्या परिसरात दूध हे केवळ अन्न नव्हे, उपजीविकेचेही साधन आहे. 1992 साली स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्सचा प्रकल्प जवळच अवसरी फाट्यावर आहे. अशा ठिकाणी, पोटाच्या तक्रारीमुळे काही आठवडे दूध वर्ज्य केलेल्याने ते पुन्हा घ्यावे काय?

बरे वाटले एवढ्यावरून दूध दोषी ठरत नाही. त्या काळात इतर आहारही बदललेला असतो. वयाबरोबर पुष्कळांची दुग्धशर्करा पचविण्याची शक्ती घटते, हे खरे. तरी थोडे दूध त्यांनाही बहुधा सोसते. दही लागताना ती शर्करा काही अंशी आंबते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच.

तेव्हा प्रश्न घ्यावे की टाकावे एवढाच नसून, अर्थशास्त्राच्या परिभाषेत, सीमांत आहे: आणखी किती मानवेल? एका वेळी एकच पदार्थ, अल्प प्रमाणात, काही दिवस घेऊन पाहावा. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीवाचून हा प्रयोग करू नये.

कायमच्या त्यागालाही किंमत असते: हाताशी असलेली प्रथिने व कॅल्शियम जातात, घरोघरी पुढे येणारा चहाही नाकारावा लागतो. पुराव्यावाचून ती किंमत मोजणे शहाणपणाचे नव्हे.