डाग घालवा, रंग कशाला?

रिश्त्यासाठी फिरणारे बायोडेटा वाचले की एक अपेक्षा हमखास दिसते : 'मुलगी गोरी हवी'. मुलगा आयटीत असो की गॅरेजमध्ये, हे वाक्य बदलत नाही. आता या अपेक्षेपायी निकाहच्या दोन-तीन महिने आधी 'चेहऱ्यावर लेझर करून घे' असा सल्ला मुलींना मिळू लागला आहे. म्हणून हे लेझर काय करते, ते आधी समजून घेऊ.

यातले सर्वांत परिचित म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. त्वचेतले पाणी ही ऊर्जा शोषते आणि वरचा पातळ थर वाफ होऊन निघून जातो. खालच्या थराला उष्णता लागून नवे कोलॅजन तयार होते, खड्डे काही प्रमाणात भरतात. 'फ्रॅक्शनल' पद्धतीत किरण बारीक ठिपक्यांवरच पडतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि जखम लवकर भरते. मुरुमांचे खड्डे, अपघाताचे व्रण यांवर हा खरा उपचार आहे. दोष दूर करणे आणि अल्लाहने दिलेले रूप हौसेखातर बदलणे यांत बहुतेक उलेमाही फरक करतात. व्रणासाठी उपचार घेणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

पण हे लेझर गोरे करण्यासाठी नाही. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन सक्रिय असते, त्यामुळे जखमेनंतर तीच जागा काळवंडण्याचा धोका आपल्याला जास्त. असे डाग कित्येक महिने राहू शकतात. गोरी दिसावी म्हणून पाठवलेली मुलगी वलीम्याला नवे डाग घेऊन बसेल. उपचार घ्यायचाच असेल तर पार्लरमध्ये नको, नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्या. सावळ्या त्वचेवर किती काम केले आहे, आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का, उन्हापासून किती दिवस जपायचे, हे विचारा. लग्नाची तारीख तोंडावर असताना तर नकोच.

खरा प्रश्न त्या एका शब्दाचा आहे. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही प्रेषितांच्या (स.) अखेरच्या हजच्या प्रवचनातली शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) हबशी होते, हे प्रत्येक जलशात अभिमानाने सांगतो. आणि घरी येऊन बायोडेटात 'गोरी' लिहितो. 'फेअर अँड लव्हली'नेसुद्धा २०२० मध्ये आपले नाव बदलले. बाजाराला जे करावे लागले, ते आपल्याला जमू नये?

हे काम मुलींवर टाकू नका. लग्नाच्या मुलांनो, तुमच्या नावाने फिरणारा बायोडेटा एकदा स्वतः वाचा. 'गोरी' लिहिले असेल तर अम्मीला सांगा, खालालाही सांगा : हा शब्द खोडा, ही अट माझी नाही.