देवाचे दार आणि संकेतस्थळाचा उंबरठा

गोमंतकातील अनेक देवस्थानांनी अलीकडे आपापली संकेतस्थळे काढली आहेत, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु ती सुधारण्याचा विषय काढला की काही महाजन मंडळी सांगतात, "गिऱ्हाईक ओढण्याच्या या युक्त्या दुकानदारांना लखलाभ असोत, देवाला जाहिरात कशाला?" हे उत्तर ऐकावयास सात्त्विक वाटते. आमच्या मते मात्र ते आळसाला नेसविलेले सोवळे आहे.

१५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला. देवाने गाव सोडला तरी कुळाव्यांनी देवाची वाट सोडली नाही. आज त्यांचे वंशज मुंबई, बेळगाव, कारवार, मंगळूर व त्याही पलीकडे पांगलेले आहेत. त्यांच्या दृष्टीने संकेतस्थळ हीच देवळाची पहिली पायरी होय, आणि ती पायरी आज अडलेली आहे.

परवा एका देवस्थानचे संकेतस्थळ आम्ही मोबाईलवर उघडले. प्रथम दीपस्तंभाचे अवजड छायाचित्र वरून खाली सावकाश उतरू लागले, मग न मागता आरती वाजू लागली. जत्रेची तिथी शोधू गेलो, तो गेल्या वर्षीची पत्रिका! मराठी मजकूर सारा चित्ररूपाने चिकटविलेला. शोध घेणाऱ्यास तो सापडणे कठीण, आणि दृष्टिहीन भक्ताला तो वाचून दाखविणे यंत्रासही अवघड. देवनागरी लिपी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. मग ही सबब कशासाठी?

गूगलने चांगल्या पानाचा दंडक घालून दिला आहे: पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावताच २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि वाचताना मजकूर खालीवर उडू नये. छायाचित्रे आटोपशीर केली आणि हलती सजावट उतरविली, तरी यातील बरेचसे साधते. याला खर्चापेक्षा आस्थाच अधिक लागते. दुकानदार गिऱ्हाइकाचा वेळ जपतो. देवस्थानाने कुळाव्याचा वेळ फुकटचा समजावा काय? शिवाय खरे दार उघडले नाही की भाविक खोट्या दाराशी जातो. केदारनाथच्या हेलिकॉप्टर-आरक्षणाच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून यात्रेकरूंस लुबाडल्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत.

याचा अर्थ बाजाराची प्रत्येक रीत देवळात आणावी असा नव्हे. पाहणाऱ्याचा घेणारा करणे, याला त्या धंद्यात 'कन्व्हर्जन' म्हणतात. आमच्या भूमीत त्या शब्दाला जो इतिहास आहे तो वाचकांस सांगावयास नको. 'अभिषेकाच्या दोनच जागा उरल्या' अशी खोटी घाई, किंवा पैसे भरतेवेळी न विचारता जोडलेली देणगी, या गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बाजारातदेखील निषिद्ध ठरविल्या आहेत. जे पेठेत वर्ज्य, ते गाभाऱ्याच्या नावाने कसे खपावे? दुकानदाराकडून तत्परता घ्यावी, लोभ त्याच्यापाशीच ठेवावा.

आमची मागणी मोठी नाही. पान उघडताच पूजेच्या वेळा, पालखीची व जत्रेची तिथी आणि तारीख, सेवांचे दर, अग्रशाळेतील खोल्यांचे आरक्षण व कचेरीचा दूरध्वनी क्रमांक एवढे दिसावे. तेही ठळक अक्षरांत, मराठीत आणि कोंकणीत. दिलेल्या पैशाची पावती तत्काळ मिळावी. मजकूर ताजा ठेवण्याचे काम समितीतील एका व्यक्तीवर नेमून द्यावे.

आणि संकेतस्थळाचे उद्घाटन नारळ फोडून करण्यापूर्वी महाजनांनी एक परीक्षा घ्यावी. घरातील एखाद्या वृद्ध मावशीच्या हाती स्वस्तातला मोबाईल द्यावा आणि जत्रा कधी आहे ते शोधावयास सांगावे. तिला ते कोणासही न विचारता सापडले, तर नारळ खुशाल फोडावा. न सापडल्यास तो नारळ देवापुढे ठेवून आधी क्षमा मागावी, आणि मग कामाला लागावे.