दर रविवारची टेकडी मोठ्या सहलीइतकीच मोलाची, कारण…

मोठ्या सहलीचा आनंद घरी परतल्यावर लवकर का ओसरतो? माणूस नव्या सुखाला पटकन सरावतो. मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये हाच मुद्दा मांडला. त्यामुळे वर्षातून एकदाच मिळणाऱ्या मोठ्या सुखाइतकेच पुन्हा पुन्हा मिळणारे छोटे सुखही महत्त्वाचे. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला तिकीट लागत नाही. वर वारा, खाली शहर आणि उतरल्यावर चहा!

पण हा फुकटचा आनंद आपोआप टिकत नाही. वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्त्याविरोधात २०२३ मध्ये पुणेकर एकवटले, ते टेकडी वाचवण्यासाठीच. घरापासून चालत जाता येईल अशी टेकडी किंवा बाग उरली, तरच छोटा आनंद रोजचा होईल.