रोहिणखेडास काय झाले?

“पाच-दहा वर्षे कारभार लष्कराच्या हाती द्या, सारे सुतासारखे सरळ होईल,” असे बोल हल्ली नांदुऱ्याच्या बाजारात शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकू येतात. अशांनी पाकिस्तानचे अयूबखान १९५८ साली कसे आले व १९६९ साली दुसऱ्या सेनापतीच्या हाती सत्ता देऊन कसे गेले, हे पाहावे. आणि तेवढे दूर जाणे नको असेल तर आपल्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड पाहून यावे.

अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान नावाचा महदवी पंथाचा सरदार होता. १५८९ साली वजीर मिर्झाखानाने तरुण सुलतान मीरान हुसेन यास कैद करून इस्माईल नावाचे पोर तख्तावर बसविले. जमालखान लोक जमवून किल्ल्यावर चालून गेला. मिर्झाखानाने सुलतानाचे मुंडके कापून बुरुजावरून दाखविले. ते पाहून लोक पांगतील, ही त्याची अक्कल! लोक खवळले, त्यांनी दरवाजा जाळला व मिर्झाखान पुढे मारला गेला. येथवर जमालखानास कोण दोष देईल? पण मग शहरातील परदेशी मुसलमानांची सरसकट कत्तल झाली. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा नगरातच नोकरीस होता. तो विजापुरास निघून गेला. आणि मिर्झाखानाने बसविलेले पोर जमालखानाने तसेच तख्तावर ठेवले! राजा बदलावयाचा नव्हताच, राजाचा धनी तेवढा बदलावयाचा होता. न्यायाचे नाव घेऊन तलवार उपसणाऱ्यांची ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पोराच्या नावाने राज्य चालविणाऱ्यास मोठे भय पोराच्या बापाचे. इस्माईलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयास होता. तो खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन वऱ्हाडात उतरला. तिकडून विजापूरकर निघाले. जमालखान शूर खरा. विजापूरकरांस धाराशिवाकडे मोडून तो तडक वऱ्हाडाकडे वळला. परंतु वऱ्हाडचे सरदार बुऱ्हाणास मिळाले होते. १५९१ च्या ऐन उन्हाळ्यात, पाण्यावाचून तळमळणारी फौज घेऊन तो रोहिणखेडास लढला व गोळी लागून पडला. अंमल पुरता दोन वर्षांचा!

बुऱ्हाणाने मग महदवींचा छळ मांडला. १५९५ साली तोही वारला, आणि १५९६ च्या तहात अहमदनगर वाचविण्यासाठी वऱ्हाड अकबरास देऊन टाकण्यात आला. वऱ्हाडच्या कुणब्याने सारा यापुढे कोणाच्या खजिन्यात भरावयाचा, ते नगरच्या तटाखाली ठरले.